आज्ञा पाळायची ती कोणाची? क्रांतीच्या काळातले क्वेकर

प्रश्न असा आला आहे: "क्वेकर एकीकडे म्हणतात की सरकार देवाच्या इच्छेने येतं, त्याची आज्ञा पाळा. दुसरीकडे सैन्यात जाणार नाही, शपथ घेणार नाही म्हणून तुरुंगात जाऊन बसतात. मग अमेरिकन क्रांतीत ते नक्की कोणाच्या बाजूचे होते? आणि दोन सरकारं एकाच वेळी हुकूम सोडत असतील तर पाळायचा कोणाचा?"

शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड. त्यावर खुद्द क्वेकरांमध्येही (सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये निघालेला, युद्ध आणि शपथ नाकारणारा हा ख्रिस्ती पंथ) एकमत नव्हतं. तिथे येतोच, पण आधी एका माणसाची हकीकत सांगतो, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या एका वाक्यात आहे.

मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यापलीकडे नॅन्टकेट नावाचं बेट आहे. देवमाशांची शिकार हा तिथला धंदा आणि त्या धंद्यातली बडी घराणी क्वेकर. त्यातलाच एक विल्यम रॉच. १७६४ च्या सुमारास बॉस्टनच्या एका व्यापाऱ्याकडे त्याचं येणं अडकलं होतं. पैशांच्या बदल्यात जो माल हाती लागला त्यात बंदुका होत्या, काहींना संगिनी लावलेल्या. बंदुका पाखरं मारायला उपयोगी पडतात म्हणून त्याने विकल्या. संगिनी मात्र उतरवून ठेवल्या, कारण संगिनीचा माणूस मारण्याखेरीज दुसरा उपयोग नाही. पुढे इंग्लंडशी युद्ध पेटलं तेव्हा कुणाला तरी त्या संगिनींची आठवण झाली. त्या मागायला माणसं आली. जे हत्यार मी स्वतः चालवणार नाही ते दुसऱ्याच्या हातात देणार नाही, असं सांगून रॉचने नकार दिला. तगादा वाढला तेव्हा त्याने सगळ्या संगिनी समुद्रात बुडवून टाकल्या.

त्याला वॉटरटाउनला, इंग्लंडशी लढणाऱ्या वसाहतीच्या समितीपुढे उभं केलं गेलं. त्याने काहीही लपवलं नाही: संगिनी बुडवल्या, तत्त्व म्हणून बुडवल्या, आणि चुकलो असेन तर माझी कीव करा. समितीच्या प्रमुखाने हे बऱ्यापैकी समजुतीने घेतलं, फक्त संगिनी मिळाल्या नाहीत याची हळहळ बोलून दाखवली. पण दुसऱ्या एका सभासदाने टोमणा मारला, म्हणजे निमूट आज्ञा पाळायची आणि विरोध करायचा नाही, हेच ना तुमचं तत्त्व? रॉचने उत्तर दिलं: "नाही मित्रा. आमचं तत्त्व म्हणजे एकतर मनापासून आज्ञा पाळणं, नाहीतर निमूट सोसणं."

टोमण्याला संदर्भ होता. राजा कसाही वागो, प्रजेने हूं की चूं न करता ऐकावं, ही इंग्लंडमधल्या राजपक्षीयांची जुनी शिकवण होती. रॉचने ती झटकली. क्वेकरांच्या लेखी सरकारच्या हुकमापुढे दोन रस्ते असतात. हुकूम विवेकाला पटणारा असेल तर तो नुसता पाळायचा नाही, झटून पाळायचा: जकात चुकवायची नाही, चोरटा माल घ्यायचा नाही, देणी बुडवायची नाहीत. न पटणारा असेल तर पाळायचा नाही, पण पळूनही जायचं नाही. दंड, जप्ती, तुरुंग जे येईल ते अंगावर घ्यायचं. हुकूम मोडायचा तो उघड्यावर. आणि हुकूम देणाऱ्याची गादी उलथवण्याचा तिसरा रस्ता कायमचा बंद. बायबलमधल्या ज्या दोन वचनांची आपल्याला टक्कर दिसते ती या चौकटीत शेजारी-शेजारी बसतात. पौल रोमकरांस लिहितो की प्रत्येकाने वरच्या अधिकाऱ्यांच्या अधीन असावं, आणि पेत्र न्यायसभेला ऐकवतो की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. क्वेकरांनी ही दोन्ही वचनं एकाच दिवशी पाळायची पद्धत बसवली.

ही पद्धत ध्यानाला बसून सुचलेली नाही, हे मी वर्गात नेहमी ठासून सांगतो. ती एका फसलेल्या क्रांतीची कमाई आहे. जॉर्ज फॉक्सभोवती हा पंथ जमला तो १६५० च्या आसपास, म्हणजे इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचं डोकं उडवून झाल्यावर. सुरुवातीच्या क्वेकरांत, राजाविरुद्ध लढून सत्ता घेतलेल्या क्रॉमवेलच्या फौजेतून आलेले शिपाई भरपूर होते, आणि त्यातल्या अनेकांना तलवार आणि धर्म यांत विरोध दिसत नव्हता. फॉक्सने स्वतः १६५१ मध्ये डर्बीच्या तुरुंगात असताना कप्तानपद नाकारलं होतं, पण तो त्याचा वैयक्तिक निर्णय होता, अजून सगळ्या समाजाचा नियम नव्हता. मग १६५८ मध्ये क्रॉमवेल मेला आणि दोन वर्षांत त्याचा मुलगा, जुनी पार्लमेंट, सेनापती आणि अखेर दुसरा चार्ल्स, इतकी सरकारं डोळ्यांदेखत आली नि गेली. प्रत्येकाने देवाचं नाव घेतलं होतं. देवाचं राज्य आता येणार अशा आशेने ज्यांनी वीस वर्षं काढली त्यांच्या मनात काय उरलं असेल?

त्यात जानेवारी १६६१ मध्ये लंडनला थॉमस व्हेनर नावाच्या माणसाने 'राजा येशू'च्या नावाने सशस्त्र उठाव केला. व्हेनरच्या लोकांचा क्वेकरांशी काही संबंध नव्हता, पण सुक्याबरोबर ओलंही जळतं. काही आठवड्यांत चार हजारांवर क्वेकर तुरुंगात गेले. तेव्हा फॉक्स आणि त्याच्या सोबत्यांनी राजाला जे निवेदन दिलं तेच आजवर क्वेकरांच्या शांततेच्या व्रताचा पाया मानलं जातं: कोणत्याही हेतूने, कोणत्याही सबबीखाली, बाह्य शस्त्रांनी होणारी युद्धं आम्ही साफ नाकारतो. हे वाक्य युद्धाबद्दल आहे तितकंच बंडाबद्दलही आहे. राजाला त्यातून मिळालेलं आश्वासन असं होतं की तुझ्या गादीखाली आम्ही सुरुंग लावणार नाही. राजाने पूर्ण विश्वास ठेवला नाही, आणि १६६२ ला खास क्वेकरांसाठी कायदा झाला. पण समाजाची दिशा ठरली ती ठरलीच.

आता १६८८ कडे या, कारण पुढच्या सगळ्या घोळाचं मूळ तिथे आहे. दुसऱ्या जेम्सला हाकलून विल्यम ऑफ ऑरेंज राजा झाला. पेनसिल्व्हेनिया वसवणारा विल्यम पेन हा जेम्सचा मित्र, त्यामुळे त्याच्यावर राजद्रोहाचा संशय आला, अटका झाल्या, आणि १६९२ ते १६९४ वसाहतीचा कारभारही हातातून गेला. १६९६ मध्ये विल्यमला मारण्याचा कट उघडकीला आला आणि राजाच्या रक्षणासाठी सह्यांची मोहीम निघाली. क्वेकर रक्षणाची, म्हणजे पर्यायाने शस्त्राची, हमी देऊ शकत नव्हते. म्हणून त्यांनी आपलं वेगळं निवेदन काढलं. त्याचा गाभा असा: राजे आणि सरकारं बसवणं-उठवणं हा देवाचा खास अधिकार आहे, त्याची कारणं त्यालाच ठाऊक, त्यात हात घालणं हे आमचं काम नाही, आपल्या पायरीबाहेरच्या उठाठेवी करणं, कट रचणं तर नाहीच नाही, आम्ही राजासाठी आणि सर्वांच्या भल्यासाठी प्रार्थना करू आणि देव जे सरकार आमच्यावर नेमेल त्याखाली शांतपणे जगू.

हे कोणत्या राजासाठी लिहिलं ते बघा. आठ वर्षांपूर्वी दुसऱ्याला हाकलून बसलेल्या राजासाठी. म्हणजे या मजकुरातच कबुली आहे की क्रांती आम्ही करणार नाही, पण झालेली क्रांती स्वीकारू.

मधल्या काळातली एक गोष्ट झटकन सांगून टाकतो. पेनसिल्व्हेनियात क्वेकर नुसते प्रजा नव्हते, सत्तर वर्षांवर तेच सरकार होते. राज्य चालवायचं आणि तलवारीला हात लावायचा नाही, ही कसरत राजाने युद्धासाठी पैसे मागितले की दर वेळी अडायची. १७५५-५६ मध्ये सरहद्दीवर फ्रेंच आणि त्यांच्या बाजूच्या मूळ रहिवाशांशी लढाई जुंपली, तेव्हा ती तुटली. १७५६ मध्ये जेम्स पेम्बर्टनसह सहा क्वेकर सभासदांनी असेंब्लीचा, म्हणजे वसाहतीच्या कायदेमंडळाचा, राजीनामा दिला. जॉन वुलमनसारख्यांनी त्याच सुमाराला युद्धाचा कर भरायला नकार दिला. असेंब्लीतल्या खुर्च्या सोडल्या, तरी शहरातली घरं, गोद्या आणि वजन तसंच राहिलं. १७७६ चे क्वेकर पुढारी हे असे लोक होते: सत्तेतून बाहेर, पैशाने भक्कम, लंडनच्या क्वेकरांशी पत्रांनी आणि व्यापाराने बांधलेले.

आणि म्हणूनच १७७६ चं निवेदन मला खटकतं.

२० जानेवारी १७७६ ला पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फिया शहरात क्वेकरांच्या प्रतिनिधींची बैठक झाली आणि जॉन पेम्बर्टनच्या सहीने निवेदन निघालं. त्यात १६९६ चा तो सगळा मजकूर शब्दशः घातला होता. तिथेच थांबले असते तर बिघडलं नसतं. पण पुढे त्यांनी असंही घातलं की ग्रेट ब्रिटनशी आजवर लाभलेलं सुखाचं नातं तोडू पाहणाऱ्या सगळ्या लिखाणाचा आणि उद्योगांचा आपण एकजुटीने तिटकारा करू या. राजे बसवणं-उठवणं हे देवाचं काम म्हणायचं, आणि त्याच कागदावर अमुक राजाशी नातं टिकलंच पाहिजे असं ठरवून टाकायचं? पहिलं वाक्य श्रद्धेचं आहे, दुसरं राजकारणाचं. क्वेकर इतिहासकार या निवेदनाला तटस्थतेचा दस्तऐवज म्हणतात तेव्हा मी मान डोलवत नाही.

त्याचं माप काढलं ते थॉमस पेनने. (महाराष्ट्रात पेनचं नाव जोतीराव फुल्यांमुळे परिचयाचं आहे, तरुणपणी त्यांनी मानवी हक्कांवरचं पेनचं पुस्तक वाचलं होतं. त्याचा बाप क्वेकर होता हे मात्र आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.) अमेरिकेने स्वतंत्र व्हावं असं मांडणारं त्याचं 'कॉमन सेन्स' हे पुस्तक नुकतंच गाजत होतं. नव्या आवृत्तीच्या पुरवणीत पेनने या निवेदनाला उत्तर जोडलं. राजे उठवणं हा देवाचा खास अधिकार असेल तर तो आमच्याकडून चोरीला जाण्याची भीती नको. मग राजांचं जे जे होईल ते त्याचंच काम म्हणून तुम्ही मान्य केलं पाहिजे. ऑलिव्हर क्रॉमवेल तुमचा आभारी आहे, असं तो लिहितो. म्हणजे चार्ल्स माणसांच्या हातून मेलाच नाही तर! शिवाय हत्याराचा एवढा तिटकारा आहे तर हा उपदेश बॉस्टनवर चढाई केलेल्या इंग्रज सेनापतींना का नाही? घरचाच माणूस असल्यामुळे दुखरी जागा कुठे आहे हे त्याला बरोबर ठाऊक होतं. राजांवरच्या वाक्याचा त्याने केलेला विपर्यास मला थोडा अन्यायाचा वाटतो, कारण 'आम्ही हात घालणार नाही' आणि 'जे होईल ते चांगलंच' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या मुद्द्याला मात्र फिलाडेल्फियाकडे उत्तर नव्हतं.

जुलैत स्वातंत्र्य जाहीर झालं आणि क्वेकर खरोखरच दोन्ही घरचे पाहुणे झाले. काँग्रेसच्या, म्हणजे बंड केलेल्या वसाहतींच्या मध्यवर्ती सभेच्या, कागदी नोटा युद्धासाठीच छापलेल्या, म्हणून अनेक क्वेकर त्या घेईनात. जो नोट घेत नाही तो देशाचा शत्रू, असं स्थानिक समित्यांनी ठरवलं. डेलावेअरमधल्या जॉन कौगिलला याच कारणावरून पाठीवर फलक बांधून गावातून फिरवलं गेलं. विजयाच्या रात्री खिडक्यांत दिवे लावायचा रिवाज होता. युद्धातल्या विजयाचा आनंद करायचा नाही म्हणून क्वेकरांच्या खिडक्या अंधारात राहायच्या आणि मग दगड यायचे. यॉर्कटाउनच्या विजयाची बातमी फिलाडेल्फियात पोचली त्या ऑक्टोबर १७८१ मधल्या रात्री एलिझाबेथ ड्रिंकरच्या घराची सत्तरेक तावदानं फुटली. तिने रोजनिशीत तशी नोंद केली आहे. सैन्यात न जाण्याबद्दलचे दंड क्वेकर भरत नसत. मग वसुलीवाले येऊन गुरं, धान्य, घरातली भांडी उचलून नेत. असं काही घडलं की समाजाची माणसं तारीख, वस्तू आणि किंमत लिहून ठेवत. त्या याद्यांच्या नकला मी बऱ्याच वाचल्या आहेत. त्यांत विशेषणं जवळजवळ नसतात. काय नेलं, कोणी नेलं, किती किमतीचं, संपलं. इंग्रज फौजेने नेलं तर तेही त्याच वहीत, त्याच सुरात.

खरी कसोटी जून १७७७ मध्ये लागली. पेनसिल्व्हेनियाच्या नव्या सरकारने कायदा केला की प्रत्येक प्रौढ गोऱ्या पुरुषाने तिसऱ्या जॉर्जशी नातं सोडल्याची आणि नव्या राज्याशी निष्ठेची शपथ घ्यावी. नाकारणाऱ्याला मत नाही, पद नाही, ज्यूरीत जागा नाही, येणं वसूल करायला कोर्टात जाता येणार नाही, जमीन विकत घेता वा विकता येणार नाही. पुढच्या वर्षी कायदा आणखी कडक झाला आणि शाळा चालवण्यापर्यंत बंदी आली. इथे एक गैरसमज नेहमी होतो: क्वेकर शपथ घेत नाहीत म्हणून त्यांनी नकार दिला. तसं नव्हतं. 'शपथ मुळीच वाहू नका' हे येशूचं वचन ते पाळत हे खरं, पण शपथेऐवजी साध्या शब्दांत प्रतिज्ञा करण्याची मुभा इंग्लंडमध्ये १६९६ पासून होती आणि या कायद्यातही होती. त्यांनी प्रतिज्ञाही केली नाही. युद्ध चालू आहे, निकाल लागलेला नाही; अशा वेळी एका बाजूला निष्ठा जाहीर करणं म्हणजे सरकार बसवण्या-उठवण्यात हात घालणंच, असं त्यांचं म्हणणं. जानेवारीच्या निवेदनापेक्षा हा नकार मला कितीतरी सरळ वाटतो, कारण तो तत्त्वाला धरून होता आणि त्याची किंमत त्यांनी स्वतःच्या खिशातून मोजली.

याच उन्हाळ्यात 'व्हर्जिनियाचे निर्वासित' म्हणून ओळखलं जाणारं प्रकरण घडलं. अमेरिकन फौजेतल्या जनरल सलिव्हनने काँग्रेसकडे काही कागद पाठवले: न्यू जर्सीतल्या स्पँकटाउनच्या 'वार्षिक सभे'ने म्हणे अमेरिकन फौजेची माहिती गोळा केली होती. स्पँकटाउनला क्वेकरांची वार्षिक सभा कधी भरतच नव्हती. समाजाची रचना ठाऊक असलेल्या कुणीही हे एका मिनिटात सांगितलं असतं. पण इंग्रज सेनापती हाऊ फिलाडेल्फियाच्या रोखाने येत होता आणि धीराने चौकशी करायला कुणाला फुरसत नव्हती. २८ ऑगस्टला काँग्रेसने शिफारस केली, सप्टेंबरच्या पहिल्या दिवसांत धरपकड झाली. इस्रायल, जेम्स आणि जॉन हे तिघे पेम्बर्टन बंधू, हेन्री ड्रिंकर, थॉमस गिल्पिन, जॉन हंट असे वीसेक जण, बहुतेक क्वेकर, फ्रीमेसन या बंधुसंघाच्या सभागृहात डांबले गेले. आरोपपत्र नाही, सुनावणी नाही. निष्ठेची प्रतिज्ञा करा आणि घरी जा, असं सांगण्यात आलं. त्यांनी केली नाही. ११ सप्टेंबरला, ब्रँडीवाइनची लढाई चालू होती त्याच दिवशी, त्यांच्या गाड्या व्हर्जिनियातल्या विंचेस्टरकडे निघाल्या. वाटेत असताना मुख्य न्यायाधीश थॉमस मॅककीनने त्यांना कोर्टापुढे आणण्याचे हुकूम काढले, तर असेंब्लीने लगोलग कायदा करून ते हुकूम निकामी करून टाकले. मनमानी अटकेविरुद्ध ओरड करून जन्मलेल्या सरकारने पहिल्या वर्षभरात हे केलं. क्वेकरांच्या अर्जांमध्ये नेमकं हेच बोट ठेवलेलं आहे, आणि ते अर्ज वाचले की कळतं की 'निमूट सोसणं' म्हणजे तोंड बंद ठेवणं नव्हे. ते कायद्याची कलमं दाखवून भांडतात. फक्त पळून जात नाहीत.

विंचेस्टरचा हिवाळा वाईट गेला. मार्च १७७८ मध्ये गिल्पिन आणि हंट तिथेच वारले. एप्रिलमध्ये कैद्यांच्या घरच्या चार बायका, त्यांत एलिझाबेथ ड्रिंकर आणि जेम्सची बायको फीबी पेम्बर्टन, इंग्रजांच्या ताब्यातल्या फिलाडेल्फियातून बग्गीत बसून निघाल्या आणि दोन्ही फौजांच्या रेषा ओलांडून व्हॅली फोर्जला थेट अमेरिकन सेनापती वॉशिंग्टनच्या छावणीत पोचल्या. त्यांच्यापैकी कुणीही काँग्रेसला सरकार म्हणून मान्यता दिलेली नव्हती. तरी वॉशिंग्टनने त्यांना जेवायला बसवलं, सुटका आपल्या हातात नसल्याचं सांगितलं आणि लँकेस्टरला राज्य सरकारकडे जाण्यासाठी परवाना दिला. एप्रिल संपता संपता कैदी घरी परतले. त्यांच्यावर खटला कधीच चालला नाही.

मग ते मनातून राजाचेच होते का? काही होते. पण समाज म्हणून त्यांची पारख करायची तर जॉन रॉबर्ट्स आणि अब्राहम कार्लाइल यांचं प्रकरण बघा. रॉबर्ट्स गिरणीवाला, कार्लाइल सुतार, दोघेही क्वेकर. इंग्रजांनी सप्टेंबर १७७७ ते जून १७७८ शहर ताब्यात ठेवलं तेव्हा दोघांनी त्यांना मदत केली. कार्लाइल तर शहराच्या दरवाजावर बसून ये-जा करणाऱ्यांचे परवाने बघायचा. इंग्रज गेल्यावर दोघांना राजद्रोहाबद्दल ४ नोव्हेंबर १७७८ ला फाशी झाली. दयेसाठी अर्जांचा ढीग पडला होता. अशा वेळी कोणत्याही समाजाने त्यांना हुतात्मे केलं असतं. क्वेकरांनी शिक्षेची कठोरता मान्य केली नाही, पण आपली चौकशी केली आणि निष्कर्ष काढला की या दोघांनी एका लढणाऱ्या बाजूचं काम पत्करून समाजाच्या तत्त्वाबाहेर पाऊल टाकलं होतं. राजाच्या बाजूने झालेलं वर्तनही चूकच. १७७६ च्या निवेदनात मला जो तोल गेलेला दिसतो तो इथे सावरलेला दिसतो.

उलट बाजूला गेलेल्यांची संख्या कितीतरी मोठी होती. बंदूक हातात घेतली, दंड भरला, प्रतिज्ञा केली, की स्थानिक सभा त्या माणसाला समजावायला दोघा-तिघांना पाठवायची आणि तो बधला नाही तर त्याचं नाव समाजातून कमी करायची. असे बाहेर पडलेले काही जण १७८१ मध्ये सॅम्युएल वेदरिलच्या भोवती जमले आणि त्यांनी 'फ्री क्वेकर' नावाची वेगळी मंडळी काढली. पहिला अमेरिकन झेंडा शिवल्याची ख्याती असलेली बेट्सी रॉस त्यांतलीच, पण तिचं नाव युद्धाआधीच, समाजाबाहेर लग्न केल्यामुळे, कमी झालं होतं. त्यांचं सभागृह फिलाडेल्फियात फिफ्थ आणि आर्च रस्त्यांच्या कोपऱ्यावर आजही उभं आहे. वर दगडात कोरलंय: १७८३, 'साम्राज्याचं आठवं वर्ष'. नव्या प्रजासत्ताकाला साम्राज्य म्हणणारे क्वेकर! हा दगड पाहून हसू येतं, पण त्यांची निष्ठा कुठे होती ते त्याहून स्पष्ट कुणी सांगितलेलं नाही.

आता तुमचा अवघड प्रश्न: दोघे हुकूम सोडत असतील तर ऐकायचं कोणाचं? यावर समाजाच्या आतून सर्वांत धारदार मांडणी केली ती आयझॅक ग्रेने, १७७८ मधल्या एका पत्रकात. त्याचा रोख असा की मूळ क्वेकरांची परंपरा कुठल्या एका राजघराण्याला चिकटून राहण्याची नाहीच; जे सरकार प्रत्यक्षात कारभार करतं आहे त्याच्याखाली शांतपणे राहणं ही ती परंपरा. क्रॉमवेलखाली राहिले, चार्ल्सखाली राहिले, मग विल्यमखाली राहिले. त्या वेळी कुणी हक्काचा वारस कोण याची छाननी केली नव्हती. मग आत्ताच्या सरकारला कर द्यायला आणि मान्यता द्यायला आजच आडकाठी का? वर सांगितलेला १६९६ च्या मजकुराचा इतिहास आठवा; ग्रेचा मुद्दा तिथून सरळ निघतो, आणि माझ्या मते तो इतिहासाच्या दृष्टीने बिनतोड आहे. समाजाच्या पुढाऱ्यांना तो रुचला नाही. त्यांची बाजू अशी मांडता येईल: क्रॉमवेल असो की विल्यम, क्वेकरांनी मान्यता दिली ती सरकार बसल्यावर. १७७८ च्या वसंतात फिलाडेल्फियात इंग्रज फौज होती आणि असेंब्ली लँकेस्टरला. कोणतं सरकार 'देवाने नेमलं' हे अजून उलगडायचं होतं.

मला विचाराल तर दोघांच्या भांडणात एक व्यावहारिक नियम दिसतो, जरी तो कुणी सूत्र म्हणून लिहून ठेवला नाही. रस्ता, कोर्ट, गरिबांची सोय अशा रोजच्या कारभारात जो प्रत्यक्ष अंमल चालवतो त्याचं ऐकायचं. 'तू आमचाच' असं वदवून घेणाऱ्या प्रतिज्ञेला निकाल लागेपर्यंत थांबायचं. युद्धाच्या कामाला दोघांनाही कायमची नाही. करांच्या बाबतीत मात्र शेवटपर्यंत एकवाक्यता झाली नाही, कारण एकाच करात रस्त्याचे पैसे आणि तोफेचे पैसे मिसळलेले असत. कुणी भरले, कुणी भरले नाहीत, आणि एकाच सभेच्या बाकावर दोघेही बसत राहिले.

१७८३ ला तह झाला आणि गोंधळ मिटला. निकाल लागला होता. ऑक्टोबर १७८९ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने नव्या राष्ट्राध्यक्षाला, म्हणजे वॉशिंग्टनला, शुभेच्छापत्र दिलं. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियाचे निष्ठेचे कायदे रद्द झाले होते. वॉशिंग्टनच्या उत्तरात एक कंस आहे: सामाईक संरक्षणाचा भार उचलायला हे लोक नकार देतात एवढं वगळलं तर यांच्याइतके आदर्श आणि उपयोगी नागरिक दुसऱ्या कोणत्याही पंथात नाहीत. क्वेकरांनीही नव्या सरकारशी गोड बोलण्यात फार काळ घालवला नाही. फेब्रुवारी १७९० मध्ये, म्हणजे चार महिन्यांत, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्यांचे अर्ज काँग्रेसपुढे होते आणि दक्षिणेकडचे सभासद त्यांच्यावर तुटून पडत होते. युद्धात लढला नाहीत आणि आता आम्हाला शिकवता, हाच सूर.

हा नमुना फक्त अमेरिकेचा नाही. विल्यम रॉच पुढे धंद्यानिमित्त फ्रान्समध्ये डंकर्कला गेला आणि तिथेही क्रांती त्याच्या पाठोपाठ आली. १० फेब्रुवारी १७९१ ला त्याने, त्याचा मुलगा बेंजामिन आणि फ्रेंच क्वेकर झां द मार्सियाक यांनी राष्ट्रीय सभेत अर्ज दिला: शपथेतून आणि शस्त्रातून सूट द्या. अध्यक्षस्थानी मिराबो होता. त्याने तोंडभर कौतुक केलं आणि मग विचारलं की जुलमी माणूस तुमच्या बायकामुलांवर चालून आला तर तुम्ही काय करणार? या प्रश्नाला क्वेकरांकडे वादाने जिंकणारं उत्तर कधीच नव्हतं. आहे ते कृतीतलं उत्तर, आणि त्यासाठी आयर्लंडमधला इंग्रज राजवटीविरुद्धचा १७९८ चा उठाव बघावा.

उठाव होणार याची चिन्हं दिसू लागली तेव्हा तिथल्या सभांनी सदस्यांना सांगितलं की घरात शिकारीची बंदूक असेल तर तीही मोडून टाका, म्हणजे ती कुणाच्याच हाती पडणार नाही. वेक्सफर्ड परगण्यातल्या फर्न्स गावचा दुकानदार जोसेफ हॉटन याने आपली बंदूक दारासमोरच्या रस्त्यावर सगळ्यांदेखत तोडली. बंडखोरांनी गाव घेतलं तेव्हा त्यांच्याशी तो लढला नाही आणि त्यांच्यात सामीलही झाला नाही. पण त्याआधी राजाची माणसं त्याच्या दुकानात आली होती. त्यांना संशयितांसाठी दोर हवे होते. हॉटन राजाला मानणारा, करबिर वेळेवर भरणारा माणूस. दोर त्याच्याकडे होते, विकणं हा त्याचा धंदा होता, आणि नकार दिला तर बंडखोरांचा साथीदार ठरण्याची पुरती शक्यता होती. त्याने दोर विकले नाहीत.